नदीला जागा हवी

मांजरा नदी आपल्या बीड जिल्ह्यातच उगम पावते. पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात गवळवाडीजवळ ती निघते. तिथे ती लहानशा ओहोळाएवढी असते. वाटेत ओढे-नाले मिळत जातात आणि ती मोठी होते. आपल्या केज तालुक्यातून पुढे ती लातूर जिल्ह्यात जाते. मग कर्नाटकात बिदरकडे वळते, तेलंगणात शिरते आणि शेवटी कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. हा सारा प्रवास सातशे किलोमीटरांहून जास्त आहे.

युसूफ वडगावच्या माणसाला मांजरेची ओळख करून द्यायला नको. आपल्या तालुक्यात धनेगावला तिच्यावर मोठे धरण आहे. ते १९८० च्या सुमारास पुरे झाले. त्याला १८ दरवाजे आहेत. लातूर, अंबाजोगाई, केज या गावांना त्यातूनच पिण्याचे पाणी मिळते. उसाला मिळते ते वेगळे.

या एकाच नदीच्या दोन गोष्टी आधी सांगतो.

पहिली गोष्ट २०१६ सालची. त्याआधी पाऊस नीट झाला नव्हता. धनेगावच्या धरणाचा तळ उघडा पडला. लातूर शहरात नळ कोरडे झाले. तेव्हा सरकारने मिरजेहून आगगाडीने पाणी आणले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिला दहा डबे होते. प्रत्येक डब्यात सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे सारे मिळून ५ लाख लिटर पाणी. पुढे पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली. ती एका खेपेला २५ लाख लिटर पाणी आणत असे. सुमारे ३४० किलोमीटरांची वाट, आणि मालगाडीत पाणी! सगळ्या देशाने ते पाहिले.

दुसरी गोष्ट २०२१ सालची. सप्टेंबर महिना संपत आला होता. धरण भरलेले होते आणि वरून मुसळधार पाऊस. २८ सप्टेंबरला मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले. दर सेकंदाला ७० हजार घनफुटांहून जास्त पाणी खाली सुटले. काठची पिके बुडाली. लातूर जिल्ह्यात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने उचलून आणावे लागले.

आता थोडा हिशेब करू. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन घागरी धरा. ७० हजाराला २८ ने गुणले तर होतात १९ लाख ६० हजार. म्हणजे एका सेकंदाला जवळजवळ २० लाख लिटर. २०१६ साली पन्नास डब्यांची आगगाडी जेवढे पाणी घेऊन यायची, तेवढे पाणी २०२१ साली त्या दरवाज्यांतून सव्वा सेकंदात निघून गेले. तुम्ही ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत एक आगगाडी गेली.

नदी तीच. मधे गेली फक्त पाच वर्षे.

पाऊस कमी पडला म्हणून दुष्काळ, जास्त पडला म्हणून पूर. हे खरेच आहे. पण एवढे म्हणून आपल्याला गप्प बसता येत नाही. पाऊस आपल्या हाती नाही. पडलेले पाणी कुठे थांबते, कुठून जाते, किती वेगाने जाते, हे मात्र बरेचसे माणसाच्या करणीवर असते. म्हणून नदी म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे लागते.

पुष्कळांना वाटते, नदी म्हणजे पाणी वाहायचा चर. चर रुंद आणि खोल असला की झाले. पण तसे नाही. नदीला पात्र आहे, तसा काठ आहे. काठाच्या पलीकडे सपाट जमीन आहे. मोठ्या पुरात पाणी त्या जमिनीवर पसरते आणि गाळ टाकून जाते. जुने शेतकरी त्या जमिनीला मळई म्हणत. तिच्यात रब्बीला पीक उत्तम यायचे. मळई ही नदीचीच जागा. नदी ती बारा महिने वापरत नाही, एवढेच. लग्नाचा मांडव रोज लागत नाही म्हणून कोणी अंगण विकून टाकतो का?

नदीला वळणे असतात. ती कशासाठी? घाटातला रस्ता आठवा. घाट उतरताना रस्ता नागमोडी जातो. तो सरळ खाली काढला असता तर बैलगाडी बैलांच्या अंगावर गेली असती. पाण्याचेही तसेच आहे. वळणावळणाने ते हळू चालते. सरळ वाटेने ते धावत सुटते आणि काठ खात जाते.

नदीत वाळू असते. वाळू हा पाण्याचा रांजण आहे. वरून कोरडी दिसली तरी खाली ओल असते. पूर्वी उन्हाळ्यात पात्रात झरा उकरला की हातभर खाली गोड पाणी लागायचे. आसपासच्या विहिरींना त्याच ओलीचा आधार असतो. शिवाय नदीत डोह असतात. डोहात उन्हाळाभर पाणी राहते. त्यात मासे तग धरतात. पहिला पूर आला की ते डोहातून निघतात, उलट्या धारेने वर चढतात आणि कडेच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. भोई लोकांना हे पक्के ठाऊक असते. काठावर करंज, जांभूळ, उंबर असली झाडे. त्यांची मुळे माती धरून ठेवतात आणि सावलीने पाणी थंड राहते. बगळे, खंड्या, टिटवी ही सारी त्या जागेची बिऱ्हाडे. डोह बुजला, झाडे गेली, वाळू गेली, की ही बिऱ्हाडेही उठतात.

आता धरण बांधल्यावर काय होते ते पाहा. आम्ही धरणाच्या विरुद्ध नाही. धरण नसते तर लातूरला आगगाडी दर दोन-तीन वर्षांनी आणावी लागली असती. पण धरणाचा एक परिणाम हळूहळू होतो आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

धरण लहान पूर अडवते. पूर्वी दर पावसाळ्यात दोन-चार वेळा नदी भरून वाहायची. आता ते पाणी धरणातच राहते. खाली पात्र कोरडे पडते. एक वर्ष कोरडे, दोन वर्षे कोरडे. मग पात्रात बेशरम वाढते, वेडी बाभूळ माजते. पूर येत नाही म्हणून ती वाहून जात नाही. कुणी काठ फोडून चार काकऱ्या पुढे सरकतो. कुणी मोटारीचे घर पात्रात बांधतो, कुणी विटांची भट्टी लावतो. गावाजवळ कुणी भराव टाकून टपरी उभी करतो. वाळू तर ट्रॅक्टरने रात्रीतून जाते. माशांना वर चढायला वाटच नसते, कारण वाटेत भिंत आहे. नदी आटते, आणि आटली म्हणून तिची जागा आपण वाटून घेतो.

लोक म्हणतात, धरण झाले, आता पूर येणार नाही. लहान पूर येत नाही हे खरे. पण मोठा पूर येतोच. धरण भरले की त्याला आणखी पाणी पोटात घेता येत नाही. जेवढे वरून येईल तेवढे खाली सोडावे लागते, नाहीतर धरणालाच धोका. आणि त्या दिवशी खाली नदीची जागा उरलेली नसते. पात्र अरुंद, काटेरी झुडपांनी भरलेले, वळणावर भराव. मग पाणी शेतातून, घरातून वाट काढते. माती खरवडून नेते. २०२५ च्या सप्टेंबरातही मराठवाड्यात असेच महापूर आले. कितीतरी शेतांची काळी माती वाहून गेली आणि खालचा मुरूम वर आला. घरात पाणी शिरले तर घर पुन्हा सारवता येते. काळी माती एकदा गेली की ती बापाच्या हयातीत परत येत नाही, लेकाच्याही येत नाही.

कुणी विचारेल, धरण आधीच थोडे रिकामे का ठेवत नाहीत? प्रश्न बरोबर आहे. कोणत्या तारखेला धरण किती भरायचे, याचे वेळापत्रक असते. पण अधिकाऱ्यापुढे पेच असतो. ऑगस्टमध्ये पाणी सोडले आणि सप्टेंबरात पाऊस आलाच नाही, तर पुन्हा २०१६. सोडले नाही आणि पाऊस कोसळला, तर २०२१. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आतबाहेर. तो कधी येईल त्याचा भरवसा नाही. म्हणून सगळा भार धरणावर टाकून चालत नाही. खालच्या नदीत पाणी मावायला जागा हवी. वरच्या शिवारात पाणी मुरायला वाट हवी.

इथे एक संवाद सांगण्यासारखा आहे. ओढ्याच्या कामावरून गावात बोलणे निघाले होते. एक शेतकरी आम्हाला म्हणाले, “गुर्जी, हा वढा नागमोडी गेलाय. मशीन लावून सरळ केला की पाणी झटक्यात निघून जाईल ना?”

आम्ही म्हटले, “आबा, जाईल की. पण कुठं जाईल?”

“खाली जाईल.”

“खाली कोण राहतं?”

“दुसरं गाव.”

“आणि वरच्या गावानंही असाच वढा सरळ केला, तर त्याचं पाणी झटक्यात कुणाच्या दारात येईल?”

आबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे ह्यानं त्याच्याकडं लोटायचं, त्यानं ह्याच्याकडं.”

“अगदी तसंच. आणि उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला पाणी कुठून येणार? ते तर झटक्यात निघून गेलं.”

ही चूक केवळ खेड्यातली माणसे करतात असे नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही ती केली. तिथे फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. त्या राज्यात किसिमी नावाची नदी आहे. ती फार वळणावळणाची होती. तिची लांबी १६६ किलोमीटर होती. १९४७ साली तिथे मोठे पूर आले. लोकांनी सरकारकडे तक्रार केली. मग १९६२ ते १९७१ या काळात लष्कराच्या इंजिनिअरांनी नदी सरळ करून टाकली. १६६ किलोमीटरांची नदी ९० किलोमीटरांचा कालवा झाली. नऊ मीटर खोल आणि नव्वद मीटर रुंद. दिसायला किती छान! सरळ रेघ.

पण दोन्ही काठांची पाणथळ जमीन वाळून गेली. हिवाळ्यात येणारी बदके शंभरातली नव्वदांहून जास्त येईनाशी झाली. मासे घटले. कालव्याचे पाणी पूर्वीसारखे काठच्या गवतातून गाळून जात नव्हते. ते घाण घेऊन थेट खालच्या सरोवरात जाऊ लागले. काही वर्षांतच लोक म्हणू लागले, आमची नदी आम्हाला परत द्या.

मग उलटे काम सुरू झाले. १९९९ साली कालवा पुन्हा मातीने बुजवायला लागले. जी माती काढून कडेला टाकली होती, तीच परत आत ढकलली. जुनी वळणे मोकळी केली. हे काम २०२१ साली पुरे झाले. सुमारे ३५ किलोमीटर कालवा बुजवला आणि सुमारे ७० किलोमीटर नदी पुन्हा वळणाने वाहू लागली. पावसाळ्यात पाणी काठच्या जमिनीवर पुन्हा पसरू लागले. बदके आणि बगळे परत आले. पण खर्च किती झाला? जवळजवळ १ अब्ज डॉलर. नदी सरळ करायला लागला होता त्याच्या कितीतरी पट. आणि सगळी नदी काही परत मिळाली नाही. बराच कालवा अजून तसाच आहे, कारण आसपास वस्ती झाली होती आणि तिला पुराचे संरक्षण हवे होते.

दुसरा देश हॉलंड, म्हणजे नेदरलँड. तिथली माणसे पाण्याशी झगडण्यात जगात पहिली. शेकडो वर्षे त्यांनी नद्यांचे बांध उंच केले. पाणी वाढले की बांध आणखी उंच. १९९५ साली तिथे एवढा पूर आला की अडीच लाख माणसांना घरे सोडून जावे लागले. त्यानंतर त्यांनी ठरवले, बांध उंच करत राहण्यात अर्थ नाही. नदीला जागा देऊ. तीसहून जास्त ठिकाणी त्यांनी कामे केली. कुठे बांध मागे सरकवला. कुठे काठची जमीन थोडी खोल केली. कुठे पुराच्या पाण्याला दुसरी वाट काढून दिली. एका ठिकाणी तर पुराची जागा पुराला सोडली आणि शेतकऱ्यांची घरे-गोठे मातीच्या उंच टेकाडांवर बसवले. पूर आला की शेतात पाणी येते, घर आणि गुरे वर कोरडी राहतात.

हे वाचून तुम्हाला आपली पांढरी आठवली असेल. आपली जुनी गावे पाहा. गावठाण उंच पांढऱ्या मातीवर, शेती खाली काळीत. ज्याने गाव वसवले त्याला शाळा नव्हती, पण पाणी कुठवर येते हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. आज नवी वस्ती रस्त्याला धरून होते. रस्ता पुलाला धरून जातो आणि पूल नदीवर असतो. म्हणजे नवी वस्ती आपसूक नदीकडे सरकते. बीड शहरात बिंदुसरेच्या काठी असेच झाले. १९८९ साली तिला पूर आला तेव्हा शहरात हाहाकार उडाला.

सरकारने यासाठी पूररेषा आखण्याचा नियम केला आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर चढते ती. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचे नाही. मात्र २५ वर्षांतून एकदा म्हणजे पंचवीस वर्षे निवांत, असा अर्थ नाही बरं का. असा पूर लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो.

आता आपल्या मांजरेवर झालेल्या एका कामाबद्दल. २०१६ च्या त्याच दुष्काळात लातूरच्या लोकांनी वर्गणी काढली आणि साई ते नागझरी या दरम्यान १८ किलोमीटर नदीपात्रातला गाळ काढला. डॉक्टर, व्यापारी, नोकरदार, सगळ्यांनी पैसे दिले. लोक आपल्या नदीसाठी उभे राहिले, ही फार मोठी गोष्ट झाली. बंधाऱ्यात साचलेला गाळ काढला की तिथे पाणी जास्त साठते, शहराची तहान भागते. पण हे पाहून गावोगावी जो-तो ओढ्यात मशीन घालू लागला. तिथे थोडे थांबून विचार करावा, असे आमचे मत आहे.

गाळ काढणे वेगळे आणि वाळू काढणे वेगळे. बंधाऱ्यामागे साचलेला गाळ हा मुळात आपल्या शेतातलाच असतो. तो काढून शेतात टाकला तर शेताचे शेताला मिळते. पण गाळाच्या खाली वाळू लागली की हात थांबवावा. वाळू काढली की रांजण फुटला. त्याखालचा मुरूम आणि खडक फोडत गेले की ओढा विहिरीपेक्षा खोल होतो. मग ओढ्याचे पाणी विहिरीत जाण्याऐवजी विहिरीचे ओढ्यात येते. आणि काढलेली माती दोन्ही काठांवर ढीग करून टाकली, तर पहिल्याच पावसात ती परत आत येते. शिवाय त्या ढिगामुळे शेतातले पाणी ओढ्यात उतरत नाही. पीक उभ्या उभ्या सडते. असे झालेले आम्ही शिवारात पाहिले आहे.

म्हणून गावात मशीन येण्याआधी ग्रामसभेत काही गोष्टी विचारून घ्याव्यात. वळण तोडणार का? तोडू देऊ नये. किती खोल जाणार? वाळू लागेपर्यंत. माती कुठे टाकणार? शेतात, काठावर नाही. काठची झाडे राहणार का? जुना डोह असेल तर तो बुजणार नाही ना? आणि मुख्य म्हणजे वरच्या शिवारात बांधबंदिस्ती झाली आहे का? पाणी माथ्यावरून पायथ्याकडे येते. कामही त्याच क्रमाने करावे. वर पाणी अडले नाही तर खाली कितीही उकरा, दोन पावसाळ्यांत पुन्हा गाळाने भरते.

आणखी एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. आपल्या भागात नदीनाल्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांच्या दारांत बरगे, म्हणजे फळ्या बसवतात. पावसाळ्याच्या आधी ते काढायचे आणि पाऊस सरत आला की पुन्हा बसवायचे. बरगे काढायला उशीर झाला तर पुराचे पाणी बंधाऱ्यावरून न जाता बाजूने काठ फोडून जाते. बंधारा मधे तसाच उभा राहतो आणि नदी कुणाच्या तरी शेतातून वाहते. मेमध्येच चार माणसांनी जाऊन बरगे निघाले की नाही ते पाहावे. निघाले नसतील तर लेखी अर्ज द्यावा. आता तुम्हाला लिहिता येते.

सगळ्यात अवघड प्रश्न जागेचा. नदीला जागा द्यायची म्हणजे कुणाची? ज्याची चार गुंठे काठाला आहेत तो म्हणेल, मीच का? त्याचे म्हणणे खोटे नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर ती जमीन आहे, त्याच्याकडून ती फुकट मागता येणार नाही. पण सातबाऱ्यावर नसलेली जागाही पुष्कळदा दबलेली असते. गावनकाशावर ओढा किती रुंद दाखवला आहे आणि आज तो किती उरला आहे, हे ताडून पाहावे. गावनकाशा तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात पाहायला मिळतो. नकाशातला ओढा आणि डोळ्यांसमोरचा ओढा यांत जेवढा फरक, तेवढी जागा ओढ्याची. ती आधी मोकळी करावी. भांडण न करता, सगळ्यांची एकदम मोजून. एकट्याची मोजली की वैर होते.

जागा मोकळी झाली की ती उघडी ठेवू नये. काठाला वाळा लावावा. त्याची मुळे खोल जातात आणि पुरात तो लवतो, पण उपटत नाही. त्याच्या मागे बांबू आणि करंज. पात्राच्या मधे मात्र काही लावू नये, तिथून पाणी जायचे असते. पात्रात माजलेली बेशरम मुळासकट काढावी. ती शेळ्यामेंढ्यांना विषारी असते. तोडून ओल्या मातीत टाकू नये, तिची कांडी पुन्हा रुजते. पात्रापासून लांब, उन्हात पसरून पार वाळवावी. हे काम मार्च-एप्रिलमध्ये, पाणी नसताना करायचे असते.